उजवा पीळ, डावा पीळ

चार लिटर व्हॅनिला आइस्क्रीम दोघांनी तीन दिवसांत संपवायचं म्हणजे गंमत नव्हे. पण लाइल हाउग्लमला रिकामी बादली हवी होती, आणि आइस्क्रीम ओतून देणं त्याच्या बायकोच्या, झोनियाच्या, तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे गुरुवारपासून नवराबायको सकाळी टोस्टबरोबर, दुपारी सूप झाल्यावर आणि संध्याकाळी बातम्या बघताना निमूटपणे आइस्क्रीम खात होती. शनिवारी झोनियानं तळ खरवडला, बादली धुतली, पुसली, नवऱ्यापुढे ठेवली आणि आता तरी हिच्यात काय घालणार ते सांग म्हणाली.

लाइलनं तिच्यात अँटेना घातली.

अँटेना म्हणजे तळहातापेक्षा जरा मोठा तांब्याचा चौकोनी पत्रा, त्याच्यामागे बोटभर अंतर सोडून दुसरा मोठा पत्रा, आणि दोघांना धरून ठेवणारा मधोमध एक स्क्रू. छोट्या पत्र्याचे समोरासमोरचे दोन कोपरे कात्रीनं किंचित उडवलेले. प्लास्टिकच्या बादलीतून रेडिओची लहर सहज आरपार जाते, पाऊस आणि बर्फ मात्र आत जात नाही. शिवाय कॅनडाच्या या सास्काचेवान प्रांतात असं एकही घर नाही जिथे आइस्क्रीमची रिकामी बादली दुसऱ्या कशासाठी तरी राबत नाही. अगदी अशीच दुसरी बादली गावाबाहेर दोन किलोमीटरवर, झोनियाच्या थोरल्या भावाच्या अंगणात, खांबावर चढायच्या तयारीत होती.

हा थोरला भाऊ म्हणजे ऑरेस्ट बोदनारचुक. विलो फ्लॅट गावाच्या शाळेत एकतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापक राहून तो निवृत्त झाला होता. निम्मं गाव त्याच्या हाताखाली शिकलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला त्यानं वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याची चूक कुणी दाखवली तर तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग दाखवणाऱ्याची एक चूक शोधून काढायचा. लाइलचा स्वभाव उलटा. त्याची छत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर गेली होती. खांबावर बोलायला कुणी नसतं, त्यामुळे त्याला बोलायची सवय लागलीच नाही.

दोघांना चाळीस वर्षांपासून हौशी रेडिओचं वेड. गावाच्या रेडिओ मंडळात एके काळी अकरा जण होते. आता दोघंच उरले होते. अध्यक्ष ऑरेस्ट, बाकीचं सगळं मंडळ लाइल. मंडळाला गावच्या सभागृहात, रंगमंचामागे, एक खोली होती, आणि त्या खोलीवर सभागृह समितीच्या व्हर्ना थोर्लाकसन यांचा डोळा होता. व्हर्नाबाईंना तिथे घडीच्या खुर्च्या आणि गोधड्या शिवायच्या चौकटी ठेवायच्या होत्या. सप्टेंबरच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं, की ऑक्टोबरातल्या गावजेवणाला मंडळानं काहीतरी धड करून दाखवावं, नाहीतर किल्ली आणून द्यावी.

धड म्हणण्याला कारण होतं. मागच्या वर्षी गावजेवणात मंडळानं ऑरेस्टच्या अंगणातून सभागृहातल्या पडद्यावर थेट चित्र पाठवलं होतं. पण त्या दिवशी वारा सुटला. खांब कलला की चित्र जायचं, सरळ झाला की यायचं. गावाला ऑरेस्ट हप्त्याहप्त्यानं दिसला.

या वर्षी तसं होऊ नये म्हणून ऑरेस्टनं लहरच बदलायची ठरवली. साधी लहर एका रेषेत वरखाली होत जाते, अँटेना तिरकी झाली की ती तिला नीट सापडत नाही. त्याऐवजी लहर गोल फिरत, स्क्रूच्या आट्यासारखी पीळ घेत गेली, तर खांब कसाही कलू दे, फरक पडत नाही. फक्त एक पथ्य असतं. पीळ उजवा असतो किंवा डावा असतो, आणि पाठवणाऱ्याचा जो असेल तोच घेणाऱ्याचा हवा. पत्र्याचे कोणते दोन कोपरे उडवले त्यावर पीळ ठरतो. ऑरेस्टनं पट्टी लावून सुरेख आकृती काढली, तिच्यावर ‘उजवा पीळ’ असं लिहिलं, खाली बारीक अक्षरात ‘समोरून पाहिल्याप्रमाणे’ अशी टीप घातली आणि एक प्रत लाइलला दिली.

लाइलनं टीप वाचली आणि समोरच्या बाजूनं खुणा करून कोपरे कापले. ऑरेस्टनं टीप वाचली नाही. स्वतःच लिहिलेली टीप कोण वाचतं? त्यानं पत्रा टेबलावर पालथा टाकला, पाठीवर खुणा केल्या आणि कापला. त्यामुळे एका बादलीत उजवा पीळ बसला, दुसरीत डावा. हे आपल्याला आत्ता कळलं. त्या दोघांना कळायला पंधरा दिवस लागले, आणि कळलं तेव्हा त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

पहिल्या रविवारी चाचणी झाली. ऑरेस्टनं कॅमेरा लावून चित्र सोडलं. लाइलच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. फोनाफोनी झाली. ऑरेस्टचं म्हणणं पडलं की लाइलची जोडणी चुकली. केबल पत्र्याला मध्यापासून नेमक्या अंतरावर जोडावी लागते. जागा बरोबर असली तर केबल आणि पत्रा यांचं जमतं आणि ताकद सगळीच्या सगळी इकडून तिकडे जाते. जागा चुकली तर पत्रा थोडी ठेवून घेतो आणि उरलेली आल्या वाटेनं परत पाठवतो. लाइलनं मीटर लावून पाहिलं, जोडणी उत्तम होती. ऑरेस्टच्या मीटरनंही त्याची जोडणी उत्तम असल्याचं सांगितलं.

“माझ्या अंगणातून सगळं निघालंय,” ऑरेस्ट फोनवर म्हणाला. “तुझ्याकडे पोचत नसेल तर मधे काय, गायी खातायत?”

लाइलनं विचारून पाहिलं, की एकाचा पीळ उलटा तर नसेल? त्यावर ऑरेस्टनं त्याला आठवण करून दिली की आकृती कुणी काढली होती. मग लाइलनं जोडणीसाठी नवं भोक पाडलं. मग आणखी एक. मंगळवारपर्यंत त्या पत्र्याची चाळणी झाली, म्हणून त्यानं दुसरा पत्रा कापला, अर्थात पुन्हा टीप वाचून, आणि त्यालाही भोकं पाडायला घेतली. ऑरेस्ट रोज संध्याकाळी फोन करून नवीन अंतर सांगायचा. त्या गुरुवारी त्यानं जरा सुनावलंच, की एकतीस वर्षं मी मुलांना एकच शिकवलं, आधी स्वतःचं उत्तर तपासा.

“मग तपास की,” लाइल म्हणाला.

चाळीस वर्षांत लाइल त्याच्याशी असं कधी बोलला नव्हता. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि मेहुण्यामेहुण्यांचं बोलणं बंद झालं.

काम मात्र थांबवता येईना, कारण गावजेवण दहा दिवसांवर आलं होतं. मग निरोप झोनिया नेऊ लागली. भावाला बोर्श्चचा डबा द्यायला म्हणून ती गाडी काढायची, सोबत लाइलची चिठ्ठी न्यायची आणि येताना रिकाम्या डब्यात ऑरेस्टची चिठ्ठी घेऊन यायची. चिठ्ठ्यांमध्ये नुसते मिलिमीटर असायचे. तिसऱ्या खेपेला ती वैतागली.

“तुमच्या दोघांच्या घरात मिळून नऊ रेडिओ आहेत,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि निरोप जातायत माझ्या गाडीतून, बिटाच्या सूपबरोबर. तुला बरोबर ठरायचंय की खोली ठेवायचीय, ते एकदा ठरव.”

 शनिवारी दुपारी लाइल गॅरेजमध्ये गेला. दोन आठवडे विचार करून त्याची खात्री पटली होती की आपला पीळ उजवाच आहे, ऑरेस्टचाच डावा झालाय, आणि ऑरेस्ट ते मानणार नाही. मग आपणच डावं झालं तर काय बिघडलं? काम दहा मिनिटांचं होतं. मधला स्क्रू काढायचा, केबलचा डाख सोडवायचा, पत्रा पालथा घालायचा की कापलेले कोपरे आपोआप दुसऱ्या बाजूला जातात. मग पुन्हा स्क्रू, पुन्हा डाख. बरोबर असलेला पत्रा त्यानं चूक करून ठेवला, वर बादली चढवली आणि हात धुऊन चहाला आला. झोनियालाही बोलला नाही.

रविवारी सकाळी ऑरेस्ट आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या भाषणाची तयारी करत होता. चित्र दिसायला लागलं की त्यामागचं विज्ञान गावाला समजावून सांगायचं म्हणून त्यानं अकरा पानं लिहिली होती. भाषणात दाखवायला आकृती हवी म्हणून त्यानं ती काढली, चष्मा पुसला, आणि खालची टीप त्याच्या नजरेस पडली. अक्षर त्याचंच होतं. तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. त्याचा म्हातारा कुत्रा बुर्को येऊन मांडीवर हनुवटी टेकून गेला, तरी तो हलला नाही. मग तो उठला, खांबावरची बादली उतरवली, पत्रा पालथा घातला, डाख दिला आणि बादली पुन्हा चढवली. कुणाला फोन केला नाही.

अशी दोघांनीही माघार घेतली, आणि दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं.

संध्याकाळी पाचला सभागृह भरलं. एकशेचाळीस माणसं, टर्की, कोबीचे रोल, बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोग्यांचे डोंगर, आणि खिडकीपाशी व्हर्नाबाईंचा कॉफीचा मोठा बंब. त्याच खिडकीत, पश्चिमेकडे तोंड करून, लाइलनं तिवईवर बादली बसवली होती. ठरलं असं होतं, की पडद्यावर चित्र आलं की झोनियानं ऑरेस्टला फोन करायचा आणि मग त्यानं भाषण सुरू करायचं. तिकडे सूट-टाय घालून ऑरेस्ट कॅमेऱ्यासमोर बसला. इकडे लाइलनं पडदा सुरू केला.

मुंग्या.

लाइलला वाटलं, केबल. केबल नीट होती. त्यानं बादली थोडी डावीकडे वळवली, थोडी उजवीकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक आधी पडद्याकडे बघत जेवत होते, मग नुसते जेवायला लागले. वीस मिनिटांनी व्हर्नाबाई हातातला चमचा पुसत आल्या आणि किल्ली उद्या सकाळी दिली तरी चालेल असं अगदी मऊ आवाजात सांगून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर लाइलला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पश्चिमेकडून हंगामातली पहिली धान्याची मालगाडी आली. रूळ गावाच्या कडेनं, खिडकीतून दिसतील असे जातात. शंभराच्या वर पोलादी डबे, एकेक घराएवढा उंच, बैलगाडीच्या चालीनं सरकत होते. आणि पडद्यावर मुंग्यांमधून एक माणूस वर आला.

लोकांचे काटे-चमचे थांबले. पडद्यावर ऑरेस्ट दिसत होता. टाय काढून ठेवलेला, कोट खुर्चीच्या पाठीवर, हातात सॉसेज. अर्धं त्यानं स्वतः खाल्लं, अर्धं खाली धरलं. खालून बुर्कोचं तोंड आलं आणि सॉसेज घेऊन गेलं. आवाजही स्वच्छ येत होता.

“फोन काही वाजत नाही बघ, बुर्को,” ऑरेस्ट म्हणाला. “नाही पोचलं. वीस मिनिटं झाली.”

झोनियानं फोनसाठी पर्स उघडली होती. तिचा हात तिथेच राहिला.

“कोपरे मी उलट्या बाजूनं कापले,” तो कुत्र्याला सांगत होता. “आकृती माझी, टीप माझी, आणि वाचली कुणी, तर लाइलनं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता मला. आणि मी त्याला पंधरा दिवस भोकं पाडायला लावली. आज सकाळी पत्रा पालथा घातला, तरी जात नाही. आता नाही डोकं चालत माझं.” त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. “माफी मागायला हवी. मागीन. पण फोनवर नाही रे जमत. मला तोंडानं कधीच जमलं नाही, झोनियाला विचार. आणि व्हर्नाला द्यावी ती खोली. दोघंच तर उरलोय. त्यात एक बोलत नाही.”

शेवटचा डबा खिडकीतून पुढे गेला. पडद्यावर पुन्हा मुंग्या.

 सभागृहातल्या निम्म्यांनी या माणसापुढे वर्गात चळाचळा कापत बेरजा केल्या होत्या. लाइल खिडकीतून गाडीच्या मागच्या टोकाकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. आरशात उजवा हात डावा दिसतो, तशी लहर पोलादावर आपटून परतली की तिचा पीळ उलटतो. ऑरेस्टचा उजवा पीळ डब्यांवर आपटून डावा झाला होता, आणि इथे लाइलची डावी बादली त्याची वाटच बघत होती. म्हणजे तो सकाळी बरोबर झाला, आणि मी काल चूक झालो.

त्यानं हत्यारांची पेटी उघडली, बादली खाली घेतली, सोल्डरिंग आयर्न काढलं. प्लग लावायला खिडकीजवळ एकच जागा होती. लाइलनं कॉफीच्या बंबाची वायर उपटली.

हे धाडस त्या सभागृहात आजवर कुणी केलं नव्हतं.

“लाइल,” व्हर्नाबाई म्हणाल्या, “ती कॉफी आहे.”

“पाच मिनिटं द्या, व्हर्नाबाई. आणि ही जरा धरा.”

व्हर्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हातात आलेल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं, आणि ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या राहिल्या. लाइलनं स्क्रू काढला, डाख सोडवला. पत्रा पालथा, म्हणजे खरं तर सरळ, केला.

इकडे झोनिया खुर्चीवर चढली. ती काही उंच नव्हती, पण भावासारखाच आवाज तिलाही होता. तिनं सगळ्यांना सांगितलं, की आत्ता पडद्यावर जे आलं ते आलंच नाही. पहिलं चित्र यायचंय अजून, ते एवढ्यात येईल. कुणाला काही शंका आहे का? एकशेचाळीस माना ‘नाही’ म्हणून हलल्या.

लाइलनं बादली चढवली, तिवईवर बसवली. ऑरेस्ट पडद्यावर आला. एकच, अख्खा आणि स्थिर. झोनियानं फोन लावला. फोन वाजताच पडद्यावरचा माणूस ताडकन उठला, टाय शोधला, तो कोटाखाली सापडला, सगळं सॉसेज एकदम बुर्कोच्या तोंडात गेलं, आणि दोन मिनिटांनी निवृत्त मुख्याध्यापकांनी घसा साफ करून अकरा पानांमधलं पहिलं पान उचललं.

भाषण चाळीस मिनिटं चाललं. केबल आणि अँटेना यांचं जमणं म्हणजे काय, न जमल्यास ताकद परत कशी येते, पीळ कुठून येतो. पेरोग्या गार झाल्या, कॉफी तर आधीच झाली होती. एकही माणूस जागचा उठला नाही, केकसाठीसुद्धा. शेवटी टाळ्या अशा पडल्या की ऑरेस्टला त्या फोनमधून ऐकू आल्या. व्हर्नाबाईंनी लाइलला सांगितलं, की किल्लीचं राहू दे, खुर्च्या काय कुठेही मावतात. मग त्यांनी स्वतः बंबाचा प्लग लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरेस्टनं फोन केला, अकरा दिवसांनी पहिल्यांदा. बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलला. बर्फ लवकर पडेल असं दिसतं, म्हणाला. मग थांबला. लाइलला त्याचा श्वास ऐकू येत होता. झोनिया समोर बसून टोस्टला लोणी लावत होती, तिचाही हात थांबला.

“लाइल,” ऑरेस्ट म्हणाला, “तो पत्रा...”

“पालथा बसला होता माझा,” लाइल म्हणाला. “ऐन वेळी लक्षात आलं.”

त्यात खोटं काही नव्हतं.  माफी मागायला निघालेल्या माणसाला वाटेतच घरी परत नेणारी गाडी मिळावी तसं झालं असणार, कारण ऑरेस्ट तीत ताबडतोब चढून बसला.

“होतं असं,” तो मायेनं म्हणाला. “कुणाचंही होतं. आकृती नीट वाचायला हवी, एवढंच.”

झोनियानं टोस्ट खाली ठेवला. लाइलनं तिला हातानंच शांत राहायला सांगितलं.

गावानं तोंड उघडलं नाही. मात्र लोक ऑरेस्टशी चमत्कारिक प्रेमानं वागू लागले. दुकानात त्याला पुढे जाऊ द्यायचे. व्हर्नाबाईंनी घरी केक पाठवला, आणि बुर्कोसाठी वेगळी हाडं. ऑरेस्टनं यावर विचार केला आणि त्याला एकच कारण सापडलं: भाषण. गावाला अँटेनाच्या शास्त्राची एवढी भूक असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. नोव्हेंबरात त्यानं दर बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत व्याख्यान जाहीर केलं, आणि पहिल्याच बुधवारी चौतीस माणसं आली. नाही म्हणणं प्रत्येकाच्या जिवावर आलं होतं.

लाइल पुढे उभा राहून अँटेना हातात धरून होता. चूक कशी झाली हे ऑरेस्ट सगळ्यांना समजावत होता, आणि तो सांगेल तसं लाइल पत्रा वळवून, कोणता कोपरा चुकला होता ते बोट ठेवून दाखवत होता, जो कधी चुकलाच नव्हता. चौतीस जण गंभीरपणे माना हलवत होते. व्हर्नाबाईंनी हात वर केला आणि विचारलं, की इतका अनुभवी माणूस असं कसं करून बसला?

ऑरेस्टनं लाइलकडे पाहिलं. मग खडू पेटीत ठेवला, बोटं झटकली, पुन्हा खडू उचलला.

“त्याचं काय आहे,” तो फळ्याकडे तोंड करून म्हणाला, “आकृतीवरची टीप फार बारीक लिहिली होती. ज्यानं लिहिली त्यानं जरा मोठ्या अक्षरात लिहायला हवी होती.”

 मागच्या रांगेत झोनियानं पर्समधून पेन काढलं, मांडीवरचा कागद उलटा केला आणि भावाला तोंडानं जमलं त्या दिवसाची तारीख त्यावर टाकली.